आधी आधार, मग प्रश्नावली: हिंसेवरच्या संशोधनात उतरू पाहणाऱ्यांसाठी

समाजशास्त्रात एम. ए. करून स्त्रियांवरील हिंसेवर काम करू इच्छिणारे विद्यार्थी भेटले की बोलणं लगेच नमुना किती घ्यायचा, प्रश्नावली कोणती, मार्गदर्शक कोण, याकडे वळतं. प्रश्न रास्तच आहेत. पण त्याआधी एक गोष्ट नक्की करावी लागते. एखादी बाई तुमच्याशी मोकळेपणानं बोलली, काल रात्री नवऱ्यानं डोक्यात पाट घातला म्हणाली, आणि तुम्ही वही मिटून एस. टी. स्टँडवर आलात, तर त्या रात्री तिच्या हाकेला कोण आहे? जवळचं समुपदेशन केंद्र किती लांब आहे, तालुक्याचा संरक्षण अधिकारी कुठे बसतो, ठाण्यात तक्रार लिहून घेतात की ‘घरचं घरात मिटवा’ म्हणून परत पाठवतात, हे माहीत नसेल तर प्रश्नावली कितीही चांगली असो, ती घेऊन वस्तीत जाऊ नये. या क्षेत्रातलं सगळं काम या क्रमावर उभं राहतं, असं मी मानते.

हा क्रम महाराष्ट्रातल्या कामातूनच घडत गेला. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. त्या मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं, तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, मुंबईत १९८० मध्ये ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला, १९८३ मध्ये कायदे बदलले आणि ४९८-अ हे कलम आलं. पाठोपाठ १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्त्या पोलिसांच्याच आवारात बसून बायकांचं ऐकू लागल्या. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र उघडलं. अपघात विभागात ‘पाय घसरून पडले’ म्हणून येणाऱ्या बाईला कोणी तरी शांतपणे विचारावं, यासाठी. या ठिकाणी टेबलावर साचलेल्या नोंदींतून महाराष्ट्राला हिंसेबद्दल जे कळलं, ते कोणत्याही एका सर्वेक्षणातून कळलं नसतं. तेव्हा शिकत असतानाच सुट्टीत अशा एखाद्या केंद्रात जाऊन बसण्याची परवानगी मागा. संशोधक म्हणून नको, मदतनीस म्हणून. फाइली लावा, बाईबरोबर न्यायालयात तारखेला जा, तारीख पुढे ढकलली की ती दिवसाची मजुरी बुडवून परत कशी जाते ते पाहा.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. पाया समाजशास्त्राचा असला तरी स्त्री-अभ्यासाचा एखादा अभ्यासक्रम जोडून घ्यावा. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि एस.एन.डी.टी. विद्यापीठ आहे, पुण्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे. एस.एन.डी.टी.मध्ये १९७४ मध्ये नीरा देसाई या समाजशास्त्रज्ञ बाईंनी स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं, आणि पुण्याच्या केंद्रात शर्मिला रेगे यांनी जात आणि लिंगभाव वेगळे काढून बघता येत नाहीत हे पिढीभर विद्यार्थ्यांना शिकवलं. अध्यापनात जायचं असेल तर नेट किंवा सेट हवीच. पण मुलाखत घेण्याइतकंच संख्याशास्त्रही नीट शिका. ‘मी गुणात्मक काम करते, आकडे माझे नाहीत’ हे वाक्य मला पटत नाही. मंत्रालयात आणि महापालिकेत आकड्यावर अर्थसंकल्प ठरतो, आणि तो आकडा चुकीचा वाचला जात असेल तर तिथेच सांगता आलं पाहिजे.

आकडा चुकीचा कसा वाचला जातो, ते पाहा. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून थोड्या अधिक स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चौथा हिस्सा होतं. पण हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जवळपास १४ टक्क्यांनीच कोणाकडे मदत मागितली, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक जणींनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितलं. म्हणजे सर्वेक्षण करणारी बाई ही कित्येकींच्या आयुष्यात ऐकणारी पहिलीच व्यक्ती असते. म्हणूनच एखाद्या तालुक्यात आकडा कमी आला तर तिथे हिंसा कमी आहे असं म्हणण्याआधी तिथे विचारलं कसं, कोणी, कुठे, कोण आसपास होतं, हे तपासावं. आणि चांगलं काम चालू असलेल्या वस्तीत दोन वर्षांनी आकडा वाढला तर निधी देणाऱ्यांना घाबरू न देता समजावून सांगता आलं पाहिजे की बायका आता बोलू लागल्या आहेत, हेही त्या वाढीमागचं कारण असू शकतं.

आता प्रत्यक्ष विचारण्याकडे येते, कारण तिथे खरं कसब लागतं. ‘तुमच्यावर हिंसा होते का?’ असं विचारलं तर बहुतेक घरांतून ‘नाही’ हेच उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. थोबाडीत मारणं, केस धरून ओढणं, बेल्टनं मारणं, कामाचे पैसे काढून घेणं, माहेरी फोन करू न देणं, नको असताना जवळ ओढणं: एकेक कृती नाव घेऊन विचारावी लागते. आपलं राष्ट्रीय सर्वेक्षणही तसंच विचारतं. त्यात एका घरातून एकाच स्त्रीला हिंसेचे प्रश्न विचारतात, आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. हा नियम संशोधनाच्या सोयीसाठी आहे असं कोणाला वाटू नये. जावेला किंवा सासूला तेच प्रश्न विचारले, तर त्या संध्याकाळपर्यंत घरात चर्चा होते आणि पहिली बाई अडचणीत येते. याच कारणानं त्याच वस्तीतल्या पुरुषांना त्याच वेळी मारझोडीबद्दल विचारू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुरक्षेच्या सूचनांमध्ये हे सगळं आहे. त्या सूचना वाचल्याशिवाय कामाला हात लावू नका.

अभ्यासाला बाहेरून नावही हिंसेचं द्यायचं नाही. घरातल्यांना ‘बायकांचं आरोग्य आणि रोजचं जीवन’ असं सांगतात. बाईला मात्र एकटी असताना सगळं स्पष्ट सांगून तिची संमती घेतात. बरोबर दुसरी, निरुपद्रवी प्रश्नयादी हवी. समजा, तुम्ही नळाच्या शेजारच्या खोलीत बसला आहात, बाई नवऱ्याबद्दल बोलते आहे, आणि दारात सासू चहाचा पेला घेऊन उभी राहते. त्या क्षणी पान उलटून ‘तर रेशनकार्डावर नावं किती आहेत म्हणालात?’ असं विचारता आलं पाहिजे. आवाज न बदलता, घाई न करता. सासू बसली तर तिलाही रेशनचं विचारा, धान्य वेळेवर मिळतं का, दुकानदार कसा आहे. ही तयारी आरशासमोर करून होत नाही, दोघींनी मिळून एकमेकींवर सराव करावा लागतो, आणि तिसरीनं मध्येच दार वाजवायचं.

मुंबईच्या झोपडवस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत एकांत हा शब्दच नसतो. तिथे लसीकरणाचा दिवस, बालवाडीची वेळ, दवाखान्याची ओ.पी.डी. उपयोगी पडते. पाणी यायच्या वेळी कोणाकडे जाऊ नका. संमतीपत्रावर सही घेऊन त्याची प्रत घरी ठेवून येणं हे काही ठिकाणी बाईला मार खायला लावणं ठरतं. नीतिसमितीकडून तोंडी संमतीची परवानगी आधीच घेऊन ठेवावी. मदतीचे क्रमांक द्यायचे तर रेशन तक्रार, रुग्णवाहिका, आशाताई यांच्या क्रमांकांमध्ये १८१ ही महिला हेल्पलाइन मिसळून छोटी चिठ्ठी द्या, आणि ती नको म्हणाली तर आग्रह करू नका. स्वतःहून तिला फोन करायचा नाही. फोन नवऱ्याच्या खिशात असतो. पुढची भेट कधी, कुठे, हे ती सांगेल तसं.

कायदा वकिलाइतका नको, पण हाताशी हवा. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. शारीरिक, लैंगिक, मानसिक आणि आर्थिक छळ त्यात येतो, आणि कायदेशीर प्रक्रियेशिवाय राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येत नाही हा त्यातला सगळ्यात उपयोगी भाग आहे. जुनं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. पण संशोधकाला खरं अडचणीत आणणारा कायदा वेगळा आहे: २०१२ चा पोक्सो. मुलगी १८ वर्षांखालची असेल आणि लैंगिक अत्याचाराची माहिती तुम्हाला झाली, तर कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणं तुमच्यावरही बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. आणि पाचव्या सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे मराठवाड्यात किंवा खानदेशात सतरा वर्षांची, कडेवर मूल असलेली मुलगी तुमच्यासमोर बसणार हे धरूनच चालावं. तिला ‘तू सांगशील ते गुपित राहील’ असं वचन देणं ही फसवणूक आहे. कोणती गोष्ट आम्हाला पुढे कळवावी लागते, हे बोलणं सुरू होण्याआधी तिच्या भाषेत सांगायचं, मग ती ठरवेल किती बोलायचं. या एका मुद्द्यावर नीतिसमिती, वकील आणि स्थानिक संस्था यांच्याशी कामाआधी सविस्तर बसा. वस्तीत उभं राहून हा निर्णय घेता येत नाही.

हिंसा म्हणजे फक्त नवऱ्याची मारझोड, अशी चौकट घेऊन गेलात तर अर्धा महाराष्ट्र दिसणारच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं उदाहरण घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाची उचल जोडीच्या नावावर येते आणि पुरुषाच्या हातात पडते. बाईच्या श्रमाचा हिशेब वेगळा नाही, म्हणून पैशावर तिचा शब्दही नाही. फडाजवळच्या कोपीला दार नसतं, संडास नसतो, अंधारात बाहेर जावं लागतं. एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो, म्हणून पाळीच्या दुखण्यातही कोयता चालवायचा. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण गाजलं, २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तरुण वयात पिशवी काढून घेणारी बाई प्रश्नावलीतल्या ‘नवऱ्यानं कधी मारलं का’ला ‘नाही’ म्हणेल. मग तिच्यावर हिंसा झालीच नाही का? माझ्या मते झाली आहे, आणि ती करणाऱ्यांत कारखाना, मुकादम, खासगी दवाखाना आणि घर हे सगळे आहेत. प्रश्न इतके रुंद करायला शिका.

या भागात कामाचं वेळापत्रकही विद्यापीठाच्या सत्रावर बेतून चालत नाही. दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून गावं रिकामी होतात. जानेवारीत गेलात तर म्हातारी माणसं आणि मागं ठेवलेली मुलं भेटतील, आणि तुमच्या नमुन्यातून नेमक्या त्याच बायका गळतील ज्यांच्यासाठी अभ्यास काढला. हंगाम संपून माणसं परततात तोवर लग्नसराई लागते, मग पेरणी येते. त्यामधले मोजके दिवस पकडायचे, नाहीतर सरळ फडावर जायचं आणि संध्याकाळी बायका भाकरी थापत असताना बसायचं.

गावात परवानगी कोणाची घ्यायची, हाही नाजूक भाग. सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्त समितीचे अध्यक्ष यांना भेटावंच लागतं. पण २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेत अनेक ठिकाणी नवरा-बायकोचं ‘भांडण’ समितीसमोर मिटवून बाईला परत नांदायला पाठवण्याची सवय पडली आहे. ‘आमच्या गावात तसं काही नाही’ हे उत्तर तिथून आलं तर ते नोंदवा, मान्य करू नका. आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या ताई यांच्यावर जास्त भरवसा ठेवावा, तरी एक लक्षात असू द्या: त्याही त्याच गावात नांदतात, कोणाची तरी सून, जाऊ असतात. एकीसमोर दुसरीला बोलतं करू नये. दलित, भटक्या जमातीच्या वस्त्यांत तर वस्तीबाहेरच्या वरच्या जातीकडून, कधी पोलिसांकडून होणारी हिंसा आधी पुढे येते. जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध राज्यानं २०१६ मध्ये कायदा केला, त्याची माहितीही बरोबर ठेवा.

समूहाबरोबर काम करताना बदल कसा होऊ शकतो, हे पाहायचं तर कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड घ्या. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पुढे सरकारनं इतर गावांनाही तो मार्ग घ्यायला सांगितलं. समाजशास्त्रज्ञाचं काम अशा ठिकाणी ठरावानंतर सुरू होतं. ठरावानंतर कोणत्या घरात काय घडलं, कोणाला सणाला बोलावलं, कोणाला नाही, हे वर्षानुवर्षं पाहायला हवं. मुंबईत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘स्नेहा’ संस्थेनं वेगळी वाट घेतली. झोपडवस्त्यांचे ४८ भाग पाडून निम्म्यांत गट-बैठका आणि ‘संगिनी’ स्वयंसेविका उभ्या केल्या आणि उरलेल्या निम्म्यांशी तुलना केली. शास्त्रीय चाचणी आणि शेजारची मदत एकत्र चालू शकते, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. पुरुषांबरोबर काम करायचं असेल तर हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये उभ्या केलेल्या ‘मावा’ संस्थेचं काम पाहा. मुलांशी हिंसेबद्दल आरोप न करता बोलायचं कसं, हे तिथे दिसतं.

लिहिताना नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असं समजू नका. ‘बागायतदार माजी सरपंचाची धाकटी सून, माहेर सांगोल्याचं, बी.एड. झालेली’ एवढं वाचून अख्खा तालुका तिला ओळखतो. शिक्षण बदला, माहेर गाळा, दोघींचे तपशील मिसळा, आणि तसं केल्याचं स्पष्ट लिहा. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख छापणं न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हाच आहे. नावांची यादी आणि मुलाखती एका संगणकात ठेवू नका. ध्वनिमुद्रण टंकलिखित झालं की पुसा.

अहवाल इंग्रजीत छापून आला की काम संपलं असं मानणारे खूप आहेत, आणि मला त्याचा राग येतो. ज्यांनी सांगितलं त्यांच्यापर्यंत मराठीत, चार पानांत, मोठ्या अक्षरात काही तरी परत गेलं पाहिजे. आधी बायकांच्या गटात वाचा. त्या दुरुस्त करतील. दारू हे कारण म्हणून तुम्ही मांडलं असेल तर एखादी उठून म्हणेल, ‘माझा तर चहासुद्धा पीत नाही, तरी मारतो.’ ते वाक्य तुमच्या निष्कर्षात गेलं पाहिजे. वर्तमानपत्राला देण्याआधी त्या गटाला विचारा की बातमी आली तर कोणाला त्रास होईल. प्रश्नावली भरून आणणाऱ्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांना वाजवी मानधन द्या आणि लेखात लेखक म्हणून त्यांचं नाव घाला.

आणि स्वतःबद्दल. रोज असं ऐकून झोप उडते, जेवण जात नाही, घरातल्या पुरुषांशी बोलताना आवाज चढतो. कार्यकर्त्यांमध्येही घरी मार खाणाऱ्या बायका असतात, त्यांना मुलाखती घेताना स्वतःचंच आठवतं. दर आठवड्याला एकत्र बसून बोलण्याची वेळ कामाचाच भाग असावी, रविवारची नव्हे.

म्हणून पहिली नोकरी घेताना पगारासोबत चार प्रश्न विचारा. प्रकल्पात समुपदेशक कोण आहे आणि ती आठवड्यातून किती दिवस वस्तीत असते? बाईला न्यायालयात किंवा दवाखान्यात न्यायचं तर खर्च कुठल्या तरतुदीतून? मुलाखतकारांचं प्रशिक्षण किती दिवसांचं, त्यांना रजा कशी? प्रकल्प तीन वर्षांनी संपला की बायकांनी मदतीसाठी कुठे जायचं, हे लिहून ठेवलं आहे का? चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर नियुक्तीपत्रावर सही करण्याआधी ते उत्तर तयार करण्याची जबाबदारी आणि त्यासाठीचा निधी स्वतःकडे लेखी मागून घ्या.